डोळे आलेले नाहीत, डोळ्यांतलं पाणी गेलंय

तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत कुत्र्या-मांजरांना तपासणाऱ्या सर्व पशुवैद्यक डॉक्टरांस,



मी सांगलीत, खणभागात, ब्लाऊज शिवते. तीस वर्षं झाली. माझा आणि वैद्यकीचा संबंध एवढाच, की मशीनवर वाकून वाकून मान धरते आणि दर एक-दोन वर्षांनी मिरजेला जाऊन चष्म्याचा नंबर बदलून आणते. तरी हे पत्र लिहायला बसले, कारण माझ्या बॉबिनच्या जुन्या डब्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या सहा बाटल्या पडल्यात. सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. चौदा महिन्यांत तिघा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. बाटल्या वेगवेगळ्या, निदान मात्र प्रत्येक वेळी एकच: "काही नाही हो मावशी, डोळे आलेत."

डोळे गुंडीचे. गुंडी म्हणजे आमची शिह त्झू कुत्री. लॉकडाऊनमध्ये लेकानं हौसेनं आणली, पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला आणि ही माझ्या मशीनच्या पायडलपाशी राहिली. डोळे शर्टाच्या काळ्या गुंड्यांसारखे, म्हणून गुंडी. आता त्यातली उजवी गुंडी मधोमध दुधाळ झालीय. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका बघतात आणि म्हणतात, फूल पडलंय.

कुणाचं नाव घेऊन भांडायचं म्हणून हे लिहीत नाही. तिघंही डॉक्टर भले आहेत. त्यातल्या एकांना तर २०१९ च्या पुरात मांडीपर्यंत पाण्यात उभं राहून लोकांच्या म्हशी बाहेर काढायला लावताना मी स्वतः पाहिलंय. तुमचं बहुतेकांचं शिकणं आणि राबणं गाई-म्हशींतच झालेलं असतं, हेही मला कळतं. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा तुम्ही एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात पळत होतात. अशा माणसापुढं एक बाई पाच किलोचं केसांचं बोचकं टेबलावर ठेवते आणि सांगते, "हिच्या डोळ्यांना चिपडं येतात हो." तुमच्या मनात काय येत असेल, याची कल्पना आहे मला. पण ते पाच किलोचं बोचकं तपासायची फी तुम्ही घेता. तेव्हा तक्रार ऐकून घ्यावी लागेल.

आधी ती चिपडं कशी होती ते सांगते, कारण मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. सकाळी उठल्यावर सगळ्याच कुत्र्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात थोडी घाण असते, तशी ही नव्हे. पिवळट-हिरवी, चिकट. ओल्या कापसानं धरून ओढली की पाकासारखी तार निघायची, तुटायचीच नाही. पुसून अर्धा तास होत नाही तो पुन्हा. डोळा लाल. आणि बुबुळ निस्तेज, म्हणजे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात नीट सरळ दिसायला हवं ते फाटल्यासारखं दिसायचं. थेंब घातले की चार-पाच दिवस डोळा बरा. थेंब संपले की आठवड्यात जैसे थे. मग पुन्हा दवाखाना, पुन्हा नवी बाटली, आधीच्यापेक्षा भारी. "इन्फेक्शन चिवट आहे," असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. मीही तेच शेजारीपाजारी सांगत सुटले. चिवट इन्फेक्शन! शब्दच असा की ऐकणाऱ्याला दोष ना डॉक्टरांचा वाटतो ना बाईचा. सगळा जंतूंचा.

माझेही गुन्हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई स्वतः नामानिराळी राहते. गुलाबपाणी घालून झालं. बोरिक पावडर झाली. शेजारच्या आजींनी सांगितलं म्हणून तुरटीचं पाणीही एकदा घातलं, आणि गुंडी दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. एक बाटली संपल्यावर तुम्हाला न विचारता मेडिकलमधून तीच परत आणली, तीही दोनदा.

शेवटी लेकानं पुण्याला बोलावून घेतलं आणि तिथल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी काय केलं ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझं सगळं भांडण त्या एका मिनिटापाशी येऊन थांबतं.

बाईंनी आधी डोळ्यात काहीही घातलं नाही. पुसलंसुद्धा अलगद. मग एक पाकीट फोडून कागदाची पट्टी काढली. माझ्या करंगळीएवढी लांब, तिच्याहून कितीतरी अरुंद, टोकाला खाच. त्यावर माझ्या टेपसारख्या बारीक रेघा आणि आकडे. टोक खाचेपाशी दुमडून गुंडीच्या खालच्या पापणीत अडकवलं आणि घड्याळ लावलं. मी तिची हनुवटी धरून उभी. पट्टीवर डोळ्यातलं पाणी चढतं तसतशी निळी रेघ पुढं सरकते, आकड्यांवरून वाचायचं. साठ सेकंद मी त्या निळ्या रेघेकडे बघत होते. ती हललीच नाही म्हटलं तरी चालेल. उजव्या डोळ्यात तीन मिलिमीटर. डाव्यात सात. बाई म्हणाल्या, "पंधरा किंवा त्याहून जास्त हवेत. दहाच्या खाली आलं की आम्ही कोरडा डोळा धरतो. पाचच्या खाली म्हणजे फारच झालं."

संपली तपासणी. सुई नाही, भूल नाही, मोठं यंत्र नाही.

या चाचणीला शिर्मरची चाचणी म्हणतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं १९०३ साली ती माणसांसाठी सांगितली. म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली. पट्टी माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सर्रास असते. आमच्यापासून दहा किलोमीटरवर मिरज आहे, दवाखान्यांचं गाव. मी नंतर तिथं जाऊन विचारलं, तर डोळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात पट्ट्यांचा डबा फळीवरच होता. चौदा महिने मी तुमच्या दारात येत होते आणि ही पट्टी माझ्यापासून एका एसटीच्या तिकिटाएवढ्या अंतरावर होती!

बाईंनी मला समजावलं ते माझ्या शब्दांत असं. डोळ्यावर जो ओलावा असतो त्यात तीन गोष्टी: थोडं तेल, भरपूर पाणी आणि थोडा चिकट पदार्थ. या आजारात पाणी बनवणाऱ्या ग्रंथींवर शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था उलटते आणि त्या हळूहळू सुकत जातात. पाणी कमी झालं की चिकटा तेवढा उरतो. मे महिन्यात कृष्णेला पाणी नसलं की घाटाच्या पायऱ्यांशी काय दिसतं? शेवाळ आणि गाळ. पाणी वाहतं असताना तो गाळ कुणाला दिसत नाही. चिपडं म्हणजे तो गाळ. त्यावर जंतू वाढतात हे खरं, पण ते मागून आलेले, घर उघडं दिसलं म्हणून शिरलेले. अँटिबायोटिकनं ते चार दिवस बाहेर जातात. शिवाय थेंब कुठलाही असो, ओला तर असतोच, त्यानंही डोळ्याला बरं वाटतं. म्हणून प्रत्येक बाटली चार दिवस लागू पडली आणि तुम्हालाही वाटलं, मलाही वाटलं, की रस्ता बरोबर आहे.

तर माझी पहिली विनंती, आणि पत्रातली सगळ्यात मोठी. पहिल्या खेपेला डोळे आलेत म्हणा, बाटली द्या, माझी हरकत नाही. पण तेच कुत्रं तीच चिपडं घेऊन दुसऱ्यांदा दारात आलं, तर दुसरी बाटली लिहायच्या आधी पाणी मोजा. शिह त्झू, पग, ल्हासा, पेकिनीज, कॉकर असेल तर पहिल्या खेपेलाच मोजा, कारण या जातींत हा आजार जास्त दिसतो हे तुमच्याच पुस्तकांत आहे. मी तीस वर्षांत एकही कापड माप घेतल्याशिवाय कापलं नाही. ओळखीचं गिऱ्हाईक, दर दिवाळीला येणारं, तरी टेप लावते. अंग बदलतं.

दुसरी गोष्ट उजव्या डोळ्याची आहे आणि ती लिहिताना अजून राग येतो. तिसऱ्या डॉक्टरांनी जी बाटली दिली त्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉईड होतं. मला ते माहीत नव्हतं. दोन दिवसांत लाली गेली, मी मोतीचुराचे लाडू घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेले. बाराव्या दिवशी गुंडीनं उजवा डोळा मिटला तो उघडेना. पंजानं चोळायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. उजेड सोसत नव्हता. फोन केला तर "थेंब दिवसातून तीनाऐवजी चारदा घाला" एवढंच उत्तर आलं. पुण्याला गेले ती त्याच आठवड्यात. पाणी मोजून झाल्यावर बाईंनी आणखी एक पट्टी काढली, केशरी रंगाची. तिचा रंग डोळ्यात उतरवून सलाइननं धुतला, दिवे घालवले आणि निळी बॅटरी मारली. बुबुळावर मसुराच्या डाळीएवढा हिरवा ठिपका चमकला. जखम. कोरड्या बुबुळाला पापणी घासून झाली असेल, केस लागून झाली असेल. स्टेरॉईड लाली घालवतं, सूज घालवतं, पण जखम भरू देत नाही, उलट खोल करतं. अजून आठवडा काढला असता तर बुबुळ फुटलंही असतं, असं त्या म्हणाल्या. जखम भरायला पाच आठवडे लागले आणि मागं ते फूल राहिलं.

डॉक्टर, स्टेरॉईड वाईट आहे असं मी म्हणत नाही, ती माझी पायरी नाही. पण केशरी पट्टी लावून हिरवं काही दिसत नाही याची खात्री केल्याशिवाय ते कुत्र्याच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि दिलंत, तर चिठ्ठीवर मराठीत, ठळक लिहा: यात स्टेरॉईड आहे, मला विचारल्याशिवाय पुन्हा आणू नये, डोळा मिटला तर त्याच दिवशी यावे. तीन ओळी. कारण मेडिकलवाला विचारत नाही आणि आम्ही विचारायच्या लायकीचे नसतो. मोकळी बाटली दाखवली की भरलेली मिळते. घरातल्या माणसाच्या डोळ्यांसाठी आणलेली बाटली कुत्र्याला घालणारेही माझ्या गल्लीत दोघं आहेत.

औषधाबद्दल एक गंमत मला फार आवडली, म्हणून सांगते. गुंडीला आता जे थेंब चालू आहेत ते सायक्लोस्पोरिनचे. किडनी वगैरे बसवल्यावर शरीरानं ती नाकारू नये म्हणून देतात ते हे औषध. ते कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यात घातलं तर पाणी परत येतं, हे अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या रेने कॅसवान या प्राण्यांच्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात दाखवलं. माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी याच औषधाच्या थेंबांना तिकडे मंजुरी मिळाली ती २००२ साली. म्हणजे इथं कुत्र्यांनी माणसांना वाट दाखवलीय. आज आपल्याकडे ते थेंब माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतात. मला हे ऐकून तुमच्या व्यवसायाचा अभिमान वाटला, मग लगेच वाईटही वाटलं.

पण हे औषध सावकाश चालतं. फरक दिसायला महिना-दोन महिने जातात, आणि बहुतेकदा ते जन्मभर घालावं लागतं. थांबवलं की पाणी पुन्हा आटतं. हे मला पुण्याच्या बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. वाईट बातमी होती, तरी बरं वाटलं. तुम्ही मंडळी आम्हाला "होईल हो बरं" म्हणता ते मायेनं म्हणता, पण त्यानं आम्ही पंधरा दिवस वाट बघून डॉक्टर बदलतो. मी तेच केलं. तुमच्यापैकी पहिल्यांनी कदाचित तिसऱ्या खेपेला पट्टी काढलीही असती, मी थांबलेच नाही.

थेंब कसे घालायचे हेही कधी दाखवून द्या. "दोन्ही डोळ्यांत, दिवसातून तीनदा" एवढं लिहून तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारता. घरी काय होतं माहितीये? एक जण पाय धरतो, एक तोंड, आणि समोरून बाटली आली की कुत्रं मान फिरवतं. अर्धी बाटली मिशांवर. पुण्याला त्यांनी मला शिकवलं: टेबलावर बसवायचं, पाठ आपल्याकडे, मागून हनुवटी धरून तोंड वर करायचं आणि बाटली डोक्याच्या मागून, तिला न दिसेल अशी आणायची. टोक डोळ्याला लावायचं नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. आधी थेंब, मलम शेवटी. चिपडं आधी कोमट पाण्याच्या कापसानं मऊ करून काढायची, कारण चिपडावर घातलेलं औषध चिपडालाच लागतं. मी हे शिवणाच्या टेबलावर करते. गुंडी आता टेबलावर ठेवली की आपणच मान वर करते आणि नंतर फुटाण्याची वाट बघते. हे सगळं दाखवायला त्यांना तीन मिनिटं लागली.

आणखी एक: आमच्या खिशाचा अंदाज तुम्ही बांधू नका. एका डॉक्टरांना मी नंतर जाऊन सरळ विचारलं, की तुम्ही मला पुढं का पाठवलं नाही? ते म्हणाले, "मावशी, कुत्र्यासाठी पुण्याला कोण जातं?" त्यांच्या अनुभवात ते बरोबरही असेल. पण मी हिशेब मांडला. चौदा महिन्यांत फी, बाटल्या आणि रिक्षा मिळून जेवढे गेले, त्यात पुण्याच्या तीन फेऱ्या झाल्या असत्या. पर्याय सांगा, किंमत सांगा, मग नाही म्हणायचं की नाही ते आम्ही ठरवू. आणि "हे माझ्याच्यानं होत नाही, अमक्यांना दाखवा" म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल लोकांचं मत खाली जातं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. मी ब्लाऊज शिवते, कोट शिवत नाही. गिऱ्हाईक कोटाचं कापड घेऊन आलं तर कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे पाठवते. ते गिऱ्हाईक ब्लाऊजला परत माझ्याकडेच येतं.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल गोळी येते, तिच्याबद्दल दोन शब्द. आमच्या मागच्या गल्लीतल्या बीगलची ती कापून टाकली होती. ती गाठ नसते, तिसऱ्या पापणीची ग्रंथी बाहेर आलेली असते, आणि डोळ्यातल्या पाण्याचा मोठा वाटा तीच देते. ती आत बसवून टाका घालता येतो, हे तुम्ही शिकलेले आहात. कापणं सोपं पडतं, कबूल. पण त्या बीगलला आता चिपडं येतात आणि त्याच्या मालकांकडेही बाटल्या साठायला लागल्यात.

ही चपट्या तोंडाची कुत्री आपल्या उन्हातान्हात आणावीत की नाही, हा वेगळा विषय. २००३ च्या सुमारास हच मोबाइलच्या जाहिरातीत तो पग मुलामागून चालला आणि घरोघरी पग आले, हे आम्ही बघितलंय. डोळे बाहेर आलेले, नाकावरची घडी डोळ्याला टेकलेली. गुंडी झोपते तेव्हा तिच्या पापण्या पुरत्या मिटत नाहीत, खाली एक पांढरी फट उघडी राहते, पंख्याचं वारं रात्रभर त्यावर. लेकाला पिल्लू घेताना यातलं काही कुणी सांगितलं नाही, विकणारा सांगणारही नव्हता. पहिल्या लसीला मात्र प्रत्येक पिल्लू तुमच्याकडेच येतं. तेव्हा सांगा. घेऊन झालेलं असतं हे खरं, पण निदान काय बघायचं ते कळेल.

शेवटचं मागणं सोपं आहे. दर ६ जुलैला, प्राणिजन्य आजार दिनाला, तुम्ही ठिकठिकाणी कुत्र्यांना रेबीजची लस टोचता. रांग लागते. मीही उभी असते. त्या रांगेत जेवढी चपट्या तोंडाची कुत्री असतील, तेवढ्यांच्या डोळ्यांत त्याच दिवशी पट्टी लावून बघा. एका कुत्र्यामागं दोन मिनिटं. आकडा लसीच्या कार्डावर लिहून द्या, पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. पंधराचे बारा आणि बाराचे आठ झाले तर ते चिपडं येण्याआधीच दिसेल. शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली शिकणारी पोरं मदतीला आली, तर त्यांचाही हात बसेल.

गुंडीच्या उजव्या डोळ्यात मागच्या खेपेला अकरा मिलिमीटर भरले, डाव्यात चौदा. फूल तसंच आहे. उजवीकडून कुणी आलं की ती दचकते, म्हणून मी आता मशीन फिरवून दार तिच्या डाव्या अंगाला येईल असं ठेवलंय.



आपली,
एक ब्लाऊज शिवणारी बाई
खणभाग, सांगली

ता. क. मिरजेहून पट्ट्यांचा एक डबा आणून दुकानात ठेवलाय. माझ्याच्यानं काही त्या लावणं होणार नाही. तुमच्यापैकी कुणाला हव्या असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. दुकान सकाळी दहाला उघडतं, सोमवारी बंद.